न सांगितलेलं माप

“मी बोललो नाही ते लिहायचं नाही. तिथं ठिपके द्यायचे आणि पुढं जायचं. संध्याकाळी मी भरीन.”

थोरल्या डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेही मायक्रोस्कोपवरचा डोळा न उचलता. काकू तेव्हा कुणाच्याच काकू नव्हत्या. नोकरी नवी, बोटं घाबरलेली, आणि समोर पाठमोरे डॉक्टर, काचेत बघत एका सुरात बोलणारे. कुणाच्या अंगातून काढलेला तुकडा यायचा, त्याचे पातळ काप काचेवर चढायचे, डॉक्टर ते बघून बोलायचे आणि त्या बोलण्याचा रिपोर्ट काकूंनी टाइप करायचा. डॉक्टर एखादं माप सांगायला विसरले की काकू तीन ठिपके टाकत. संध्याकाळी डॉक्टर ती काच पुन्हा लावत, मोजत, ठिपक्यांवर पेनानं आकडा लिहीत आणि मगच सही करत. बावीस वर्षं हे असंच चाललं.

डॉक्टर जाऊन आता चार वर्षं होत आली होती. त्यांच्या खुर्चीवर नव्या डॉक्टर, मॅडम, बसत होत्या. आणि पॅथॉलॉजीच्या त्या खोलीत आता सूनबाई यायची होती.

सूनबाई हे नाव काचदादांनी ठेवलेलं. काचदादा म्हणजे तुकडे कापून, रंगवून काचेवर चढवणारे तंत्रज्ञ. तीस वर्षं काचा हाताळून त्यांचं स्वतःचं नाव लोक विसरले होते, म्हणून बहुधा दुसऱ्यांना नावं ठेवण्याची त्यांना हौस. सूनबाई ही खरी तर भाषेचं एक एआय मॉडेल. मॅडम काचेत बघून जे बोलतील ते ऐकायचं आणि त्याचा नीटनेटका रिपोर्ट लिहून समोर ठेवायचा, हे तिचं काम. मॅडमनी तो वाचायचा, सुधारायचा, सही करायची. पण घरात घेण्याआधी तिची परीक्षा होती. जुने चांगले रिपोर्ट नमुना म्हणून तिला दाखवले होते, आणि आता मॅडमनी बोललेले शंभर मजकूर देऊन ती काय लिहिते ते तपासायचं होतं. एका कानाला मॅडमचा रेकॉर्ड केलेला आवाज आणि समोर सूनबाईचा कागद, असं ताडून बघायचं काम मॅडमनी काकूंवर टाकलं.

“तुमच्याइतकं कुणाला कळणार?” मॅडम म्हणाल्या होत्या. “मी बोलताना कुठं अडखळते हेसुद्धा तुम्हाला पाठ आहे.”

वरच्या मजल्यावरच्या अधीक्षकांनी येत्या एक तारखेला सूनबाईचा गृहप्रवेश ठरवून टाकला होता. परीक्षा व्हायची होती, पण निकाल लागल्यासारखाच होता. कारण सूनबाई लिहायची फार सुरेख. चाळीस कागद काकूंनी तपासले आणि चाळिसातून तीन बारीक चुका निघाल्या.

“बघा, हाताला चव आहे,” काचदादा म्हणाले.

एकेचाळिसाव्या कागदावर काकूंचं बोट थांबलं.

कुणाच्या तरी खांद्यावरचा डाग काढलेला. असा डाग काढताना भोवतीची थोडी चांगली कातडीही काढतात. रोग त्या कातडीच्या कडेपासून किती लांब थांबलाय, हे माप रिपोर्टात सर्वांत मोलाचं. कड मोकळी असली तर माणूस सुटला. कड जवळ असली तर सर्जन पुन्हा कापतो. सूनबाईनं लिहिलं होतं, ‘जवळची कड चार मिलिमीटरवर, रोगमुक्त.’

काकूंनी रेकॉर्डिंग मागं नेलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मॅडम कडेविषयी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. विसरल्या होत्या.

“हे चार कुठून आलं हो?” त्यांनी संगणकवाल्याला विचारलं. तो दवाखान्यातली सगळी यंत्रं सांभाळायचा, आणि सूनबाईच्या माहेरचा माणूस म्हणून काचदादा त्याला रोज टोचायचे.

त्यानं कागद बघितला. “नमुन्याच्या रिपोर्टांत त्या ठिकाणी असंच वाक्य असतं ना काकू. आकडा नाही मिळाला, तर तिनं तिथं शोभेल असा घातला असणार.”

“शोभेल असा.”

“तिला आपल्यासारखं काही माहीत नसतं. पुढं काय येणं बरोबर दिसेल, तेवढं कळतं. शंभरात एखादं. मी नोंद करतो.”

तो नोंद करायला गेला. काकूंनी उरलेले सगळे मजकूर संध्याकाळपर्यंत ऐकून काढले. पण सूनबाईचा राग काही त्यांना येत नव्हता.

कारण नेमकं हेच त्यांनी स्वतः एकदा केलं होतं.

थोरल्या डॉक्टरांचे ते शेवटचे महिने. विसरणं वाढलं होतं. आधी दिवसाकाठी एखादे ठिपके, मग प्रत्येक रिपोर्टात, आणि त्यांवर पेनानं लिहिलेले आकडे. एकदा जिन्यावर दोन सर्जन बोलत उतरताना काकूंनी ऐकलं. एक म्हणाला, “खालून आजकाल रिपोर्ट येत नाहीत, रांगोळी येते.” दुसरा हसला. काकूंना ते हसणं आपल्या वडिलांना कुणी हसावं तसं लागलं. त्याच दुपारी पोटरीवरच्या डागाची एक काच आली. बाई, वय सत्तेचाळीस. डॉक्टर बोलले आणि कडेचं माप विसरले. काकूंनी टाइप करायला आदल्या दिवशीचा तसलाच रिपोर्ट समोर उघडला होता, त्यावरच नवा मजकूर चढवण्याची त्यांची सवय. त्या जागी आदल्या दिवशीच्या माणसाचं वाक्य होतं, चार मिलिमीटर, रोगमुक्त. ते खोडायचं आणि ठिपके टाकायचे. काकूंनी खोडलं नाही. आज एवढ्या एका कागदावर ठिपके नकोत, संध्याकाळी विचारून घेऊ, असं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी अंगात कोट घालूनच, उभ्या उभ्या सगळ्या गठ्ठ्यावर सह्या केल्या. बरं नाही म्हणाले. काकूंच्या ओठांवर आलेलं ओठांवरच राहिलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, आणि पुढं कधीच आले नाहीत.

त्या रिपोर्टाचा नंबर काकूंना तोंडपाठ होता. रोज पहाटे उठल्यावर, चूळही भरण्याआधी, त्या डोळे मिटून एकदा तो नंबर म्हणत आणि त्या अनोळखी बाईसाठी मागणं मागत. चार वर्षांत हा नेम एक दिवस चुकला नव्हता. तापात नाही, प्रवासात नाही. पण काच काढून बघा, असं कुणाला म्हणायची हिंमत मात्र एकदाही झाली नव्हती. काच काढायची तर डॉक्टरांची सही निघणार, आणि सहीखालची चूक निघणार. गेलेल्या माणसाला बोल लागणार. शिवाय, खरं सांगायचं तर, काकूंना त्या काचेचीच भीती वाटायची.

संध्याकाळी घरी त्यांनी भाजी चिरायला घेतली आणि एकच फोड चार वेळा चिरली. समोर त्यांच्या नणंदबाई बसल्या होत्या. यजमान गेल्यापासून दोघी एकत्रच राहत. नणंदेची जीभ धारदार, पण कापायची ती नेमकं दुखऱ्या जागेवरच.

“वहिनी, भाजी शिजवायची आहे का त्या काचेवर चढवायची आहे?”

काकूंनी सुरी ठेवली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं. नणंदेनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे यंत्रानं तुझीच खोड उचलली म्हण ना,” ती शेवटी म्हणाली.

“वन्सं, चेष्टा नको.”

“चेष्टा कसली? उद्या त्या यंत्राची तक्रार करशील. ते म्हणतील शंभरात एक, चालायचंच. चालायचं नाही हे तुला माहीत आहे, कारण त्या एकीच्या नावानं तू रोज पहाटे उठतेस. मला वाटायचं माझ्या भावाच्या नावानं उठतेस.”

“त्यांचंही नाव घेते.”

“नंतर घेतेस.” नणंदेनं चिरलेली भाजी आपल्याकडे ओढली. “हे बघ, देवाला रोज विचारतेस ती बाई कशी आहे. देव काय काचा बघतो? काचा बघणारी बाई तुझ्या शेजारी बसते. तिला विचार.”

काकूंना रागही आला आणि हसूही.

दुसऱ्या दिवशी मॅडम कोट अडकवत होत्या तेव्हाच काकूंनी दार लोटून घेतलं. उभ्यानंच सांगितलं. एकेचाळीस नंबरचं सांगितलं, आणि मग चार वर्षांपूर्वीचं. आवाज हळूच होता, तो नेहमीच हळू असे, पण एकदाही थांबला नाही.

“चूक माझी आहे मॅडम. कागदावर त्यांची सही आहे, पण वाक्य त्यांचं नव्हतं. ते असेल तसं माझ्या नावावर लिहा.”

मॅडमनी टेबलाला हात टेकला. “आधी बसा. नंबर आठवतोय?”

काकूंनी नंबर सांगितला.

मॅडम रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. त्यांनी काचदादांना हाक मारली. काचदादा तळघरात गेले. जुन्या काचा तिथं लाकडी कप्प्यांत उभ्या करून ठेवलेल्या असतात, वर्षावर वर्ष. ते परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. मॅडमनी तेवढ्यात कॉम्प्युटरवर काहीतरी शोधायला घेतलं आणि काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या प्रत्येक चौकोनाकडे बघून घेतलं.

काचदादा आले ते एक पुठ्ठ्याची घडी छातीशी धरून. “चार काचा आहेत. धूळ पुसलीय,” ते म्हणाले. एरवी दारातूनच कोटी करत येणारा माणूस काकूंचं तोंड बघून भिंतीला टेकून उभा राहिला.

मॅडमनी पहिली काच लावली. मग दुसरी. मायक्रोस्कोपच्या आत एक बारीक मापपट्टी असते, ती त्यांनी कडेला जुळवली. पुन्हा पहिली काच लावली. काकूंनी डोळे मिटले. ओठांवर नंबर आला, आणि त्यापुढं काय मागायचं तेच सुचेना. मागायचं ते कधीचंच त्या काचेत ठरून गेलेलं होतं.

“साडेसहा,” मॅडम म्हणाल्या.

“काय?”

“साडेसहा मिलिमीटर. जवळची कड. दुसरी तर आणखी लांब आहे.” त्यांनी मान वर केली. “मोकळी आहे, काकू. सगळीकडून मोकळी. तुम्ही लिहिलेल्यापेक्षा जास्तच.”

काकूंनी डोळे उघडले.

“या, स्वतः बघा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“इतकी वर्षं ऐकलंय ना? या.”

काकूंनी भिंगाला डोळा लावला. गुलाबी शेत दिसलं, त्यात एका बाजूला जांभळी गर्दी, आणि तिथून कडेपर्यंत नुसतं शांत गुलाबी. त्यांनी इतकं मोकळं काही कधी पाहिलं नव्हतं. भिंग ओलं झालं तसं त्या घाईनं मागं सरल्या आणि पदरानं पुसू लागल्या.

“अहो, पदरानं नाही, ओरखडे पडतात,” काचदादा पुढं होत म्हणाले. “चार वर्षं काळजी करत बसलात, मला एकदा म्हणाला असतात तर वीस मिनिटांत काच आणून दिली असती. आमच्या तळघराला काय कुलूप होतं?”

“कुलूप माझ्या तोंडाला होतं,” काकू म्हणाल्या.

मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “आणि हे बघा. दर सहा महिन्यांनी तपासणीला येतायत बाई. मागच्या महिन्यातच आल्या होत्या. ठणठणीत आहेत.”

तेव्हा मात्र काकू रडल्या. आवाज न करता, बराच वेळ. मॅडमनी त्यांना रडू दिलं आणि काचदादांनी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन दाराशी कुणाला येऊ दिलं नाही.

“आता दोन कामं,” चहा झाल्यावर मॅडम म्हणाल्या. “रिपोर्टात खोटं माप आहे, ते मी दुरुस्त करणार. मूळ रिपोर्टाला जोडरिपोर्ट निघेल, त्यात कारण लिहिलं जाईल. माप न बघता आधीच्या रिपोर्टातून राहिलं, एवढंच. नोंद कामाची होते, काकू. गेलेल्यांची चौकशी नाही आणि तुमचीही नाही. पण बाईंना कळवायला हवं. आणि लॅबोरेटरीतून फोन आला की माणसाचा जीव खालीवर होतो.”

“मी सांगते,” काकू लगेच म्हणाल्या. “मी स्वतः जाते. समोर बसून सांगते की कड मोकळी होती आणि आकडा मी चुकवला होता. वचन देते तुम्हाला.”

मॅडमनी जरा विचार केला. “मी आधी फोन करून विचारते, त्यांची हरकत नसेल तर जा. आणि दुसरं काम सूनबाईचं. ते तुमच्याशिवाय व्हायचं नाही.”

त्याच दुपारी चौघांची बैठक बसली. संगणकवाला म्हणाला, शंभरात अशी एक चूक म्हणजे फार चांगला निकाल आहे.

“शंभरात एक नाही,” काकू म्हणाल्या. बैठकीत त्या सहसा बोलत नसत, त्यामुळे तो चमकला. “शंभरांत मॅडम किती वेळा माप विसरल्या? मी काल परत मोजलं. एकदाच. म्हणजे एकदा विसरल्या आणि एकदा तिनं भरलं. एकात एक.”

संगणकवाल्यानं पेनाचं टोपण काढलं. “खरं आहे. हे आम्ही असं धरलंच नव्हतं. म्हणजे मुद्दाम विसरून बघायला हवं.”

आणि मग दहा दिवस त्या खोलीत विसरण्याचं काम चाललं. मॅडम काच बघत आणि काकूंनी चिठ्ठीवर लिहून दिलेली गोष्ट मुद्दाम गाळत. कधी कडेचं माप, कधी तुकड्यांची संख्या, कधी उजवा की डावा. पहिल्या तीस मजकुरांत सूनबाईनं एकोणीस ठिकाणी आपल्या मनानं भरलं. तेही इतकं शहाण्यासारखं, की वाचणाऱ्याला खटकू नये.

“सुगरण आहे, पण मीठ विचारून घालत नाही,” काचदादा म्हणाले. “आमच्या घरी अशीच एक आहे.”

“वहिनींना सांगू का?” काकूंनी हळूच विचारलं.

“नको. मला जेवायला तिथंच जायचंय.”

संगणकवाल्यानं सूनबाईला दिलेल्या सूचना बदलल्या. नमुन्याच्या रिपोर्टांतले आकडे काढून तिथं मोकळ्या जागा ठेवल्या. बोललं नसेल तिथं तिनं थांबायचं, ‘सांगितलेलं नाही’ असं लाल अक्षरांत लिहायचं, आणि ती लाल जागा भरल्याशिवाय सहीचं बटण उघडणारच नाही, असं केलं. पुढच्या तिसांत तिनं दोन ठिकाणी भरलं. त्याच्या पुढच्या तिसांत एकाही नाही.

“म्हणून आपण बघायचं सोडायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “कुठल्या तरी दिवशी भरेलच. प्रत्येक आकडा आवाजाशी ताडून बघायचा, हा नियम कायम राहील. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम विसरायचं. काकू चिठ्ठ्या काढतील.”

अधीक्षकांनी एक तारीख पुढं ढकलायला कुरकुर केली. मॅडमनी त्यांच्यापुढं एकोणीस कागद ठेवले आणि म्हटलं, यातला चुकीचा शब्द शोधून दाखवा. अधीक्षक स्वतः डॉक्टर. त्यांनी पाच कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “पंधरा तारीख करा.”

काच बघितली त्या रात्रीच काकूंना गाढ झोप लागली होती. पहाटे जाग आली तेव्हा सवयीनं तो नंबर ओठांवर आला. मागणं मात्र संपलं होतं, नुसते आभार उरले होते. त्यांनी ते सावकाश मानले. चूळ भरायला उठल्या तर नणंद आधीच उठून पाणी तापवत होती.

“आज उशीर केलास, वहिनी.”

“आज जास्त बोलायचं होतं, वन्सं.”

“माझ्या भावाविषयी काही?”

“त्यांना सांगितलं की तुमची बहीण कधी कधी खरं बोलते.”

“त्यांना माहीत होतं. म्हणून तर जेवताना गप्प असायचे.”

पोटरीवरचा डाग काढलेल्या त्या बाई एका धोबीखान्यात कामाला होत्या. मॅडमनी फोन केला तेव्हा आधी चांगली बातमी सांगितली, मग झालेली चूक सांगितली, आणि आमच्यातल्या एक बाई स्वतः आल्या तर चालेल का असं विचारलं. बाई म्हणाल्या, येऊ देत की, पण तीनच्या पुढं, तोपर्यंत इस्त्री गरम असते.

अडीच वाजता काकूंनी कॉम्प्युटर बंद केला. जोडरिपोर्ट पाकिटात होता, त्यावर मॅडमची सही होती. तो त्यांनी आणखी एकदा उघडून वाचला. साडेसहा.

“मी येऊ का बरोबर?” काचदादांनी विचारलं.

“नको. माझं मी सांगते.”

“रागावली तर?”

“तर ऐकून घेईन. तिचा हक्क आहे.”

काचदादांनी कोणत्या बसनं जायचं, कुठं उतरायचं ते सांगितलं, आणि काकूंनी ते मुकाट्यानं चिठ्ठीवर लिहून घेतलं. मॅडम काचेत बघत होत्या. त्यांनी नुसता हात वर केला. काकूंनी पाकीट पिशवीत उभं ठेवलं, वाकणार नाही असं, चपला सरळ केल्या, आणि दार हळूच ओढून घेऊन जिना उतरू लागल्या.